विज्ञानकथांची यादी ठरवतो कोण?



गेल्या जून महिन्यातली गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी सकाळीच घरी आला. हल्ली तो एका खेड्यातल्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. म्हणाला, “सर, शाळेच्या ग्रंथालयाला थोडे पैसे मिळालेत. विज्ञानकथांची दहा पुस्तकं घेता येतील. वाचलीच पाहिजेत अशी दहा नावं तेवढी सांगा.” मी शिकवतो इतिहास, पण विज्ञानकथांचा नाद मला शाळकरी वयापासूनचा. चहाला आधण येईपर्यंत मी एका कागदावर दहा नावे लिहून दिली, आणि आपल्या हातून एक चांगले काम झाले अशा समाधानात राहिलो.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. “सर, यादी फळ्यावर लिहिली. नववीतली एक मुलगी उठून विचारते, ‘ही दहाच का? आणि हे ठरवलं कोणी?’ काय सांगू तिला?”

“मी ठरवलं” असे सांगावे, तर ते खरे नव्हते. ती नावे मी तरी कोठून आणली होती? कुठे वाचलेली, कोणाकडून ऐकलेली, दुसऱ्याच्या यादीवरून उतरवलेली. खरे सांगायचे तर त्या दहांपैकी दोन पुस्तके मी स्वतः शेवटपर्यंत वाचलेलीही नव्हती. इतिहासाच्या अध्यापकाला हे शोभणारे नाही. कागद कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कशासाठी लिहिला, हे विचारायला आम्ही मुलांना शिकवतो. आणि पुस्तकांच्या यादीच्या बाबतीत मात्र मी ते विचारलेच नव्हते. म्हणून मग मी जरा मागे जाऊन पाहिले. त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आरंभ १८१८ सालापासून करू. आपल्याकडे ज्या वर्षी पेशवाई बुडाली, त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी लंडनला एक कादंबरी प्रसिद्ध झाली. नाव ‘फ्रँकेन्स्टाइन’. प्रती अवघ्या ५००. एक तरुण विद्यार्थी प्रयोगशाळेत जिवंत प्राणी निर्माण करतो, आणि तो डोळे उघडताच त्याला टाकून पळून जातो. पुढे त्या टाकलेल्या जिवाने काय केले, त्याची ही कथा. पुस्तकावर लेखकाचे नाव नव्हते. सर वॉल्टर स्कॉट म्हणजे त्या काळचे केवढे मोठे कादंबरीकार! त्यांनी परीक्षणात पुस्तकाचे कौतुक केले, आणि हे कवी शेली यांनी लिहिले असावे असे धरून चालले. लिहिले होते ते शेलींच्या पत्नीने, मेरी शेली यांनी. कथा सुचली तेव्हा त्यांचे वय होते १८ वर्षांचे. १८२३ साली निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीवर त्यांचे नाव आले.

आता गंमत पाहा. नाव नव्हते तेव्हा लोकांनी आपल्या मनाने एक नाव घातले, आणि ते पुरुषाचे घातले. विज्ञानकथेचा आरंभ या पुस्तकापासून धरावा, असे ब्रायन अ‍ॅल्डिस या इंग्रज लेखकाने आपल्या इतिहासग्रंथात ठासून मांडले ते १९७३ साली. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे लोटल्यावर. तोवर पुष्कळांच्या लेखी ते एक भुताखेताच्या जातीचे पुस्तक होते.

मग फ्रान्समध्ये ज्यूल व्हर्न आणि इंग्लंडात एच. जी. वेल्स हे दोघे आले. यांच्यावाचून कोणतीच यादी पुरी होत नाही. परंतु विज्ञानकथा म्हणावे कशाला, यावरचा पहिला मोठा वाद या दोघांच्याच नावाने झाला. व्हर्नने १८६५ साली माणसे चंद्राकडे पाठवली ती तोफेच्या गोळ्यातून. वेल्सने १९०१ साली पाठवली ती गुरुत्वाकर्षण अडवणाऱ्या एका कल्पित पदार्थाच्या जोरावर. वृद्ध व्हर्न १९०३ साली एका मुलाखतीत कुरकुरले. मी पदार्थविज्ञानाचा उपयोग करतो, हे गृहस्थ नुसती कल्पना करतात. तो धातू कुठे आहे तो मला दाखवा, अशा अर्थाचे ते बोलले.

वरवर पाहता व्हर्नचे म्हणणे बिनतोड वाटते. पण मुलांना हे गणित घालून पाहा. व्हर्नच्या तोफेची नळी ९०० फूट लांब. तेवढ्या अंतरात गोळ्याला सेकंदाला सुमारे ११ किलोमीटरचा वेग द्यावयाचा, तर आतल्या माणसावर त्याच्या वजनाच्या वीस हजार पटींहून अधिक दाब येईल. चंद्र राहिला बाजूला, नळीच्या तोंडाशी येण्यापूर्वीच प्रवाशांचा चेंदामेंदा होईल! म्हणजे ‘शुद्ध विज्ञाना’च्या कसोटीवर व्हर्नसुद्धा नापासच. तरीही दोन्ही पुस्तके टिकली. ती टिकली यंत्राच्या अचूकपणावर नव्हे. माणसाला एखादे नवे बळ मिळाले तर तो काय करील, हा प्रश्न त्यांनी वाचकाच्या मनात पेरला, म्हणून. वेल्सच्या मंगळवासीयांच्या स्वारीची कथा १८९८ सालची. तिच्या पहिल्याच प्रकरणात लेखक आपल्या इंग्रज वाचकांना टास्मानियातल्या मूळ रहिवाशांची आठवण देतो. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यांचे जे केले, तेच मंगळावरच्या लोकांनी आपले केले तर तक्रार कोणत्या तोंडाने करणार, असा त्याचा सवाल आहे. साम्राज्य भरात असताना हे लिहायला छाती लागते.

व्हर्नची कथा आणखी चमत्कारिक आहे, आणि ती आपल्या देशाशी निगडित आहे. समुद्राच्या पोटातून पाणबुडी चालवणारा कॅप्टन नेमो आपणांपैकी पुष्कळांच्या ओळखीचा असेल. भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांपर्यंत आणल्या. त्याही आधी, १९०० च्या सुमारास, ‘केरळ कोकिळ’ मासिकातून व्हर्नचा चंद्रप्रवास मराठीत आला होता. तर हा नेमो मूळचा कोण? १८७० च्या कादंबरीत ते गुपितच राहते. पुढे १८७४-७५ साली आलेल्या ‘गूढ बेटा’च्या कादंबरीत व्हर्न सांगतो, की हा बुंदेलखंडातला राजपुत्र डक्कर, १८५७ च्या उठावात लढलेला आणि इंग्रजांनी घरदार उद्ध्वस्त केलेला. परंतु त्या काळच्या इंग्रज वाचकाला हा नेमो धड भेटलाच नाही. पहिल्या कादंबरीच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक मजकूर गाळलेला होता. आणि दुसरीच्या भाषांतरात नेमोची इंग्रजांविरुद्धची कडवी भाषा बदलून टाकली होती. पुस्तकावर नाव तेच, पण आतला माल निराळा. मग अशा छाटलेल्या पुस्तकावरून इंग्रजी टीकाकारांनी ठरवले, की व्हर्न हा पोरासोरांचा लेखक. कित्येक वर्षे तो शेरा त्याला चिकटून राहिला.

आता आपण अमेरिकेत जाऊ. कारण याद्या करण्याचा खरा उद्योग तिथे सुरू झाला. आकाशवाणीच्या श्रोत्यांना सांगायला आनंद वाटतो, की त्याचे मूळ एका रेडिओवाल्याकडेच जाते. ह्यूगो गर्न्सबॅक हा लक्झेंबर्गहून न्यूयॉर्कला आलेला, रेडिओचे सुटे भाग विकणारा आणि पुढे स्वतःचे रेडिओ केंद्र चालवणारा गृहस्थ. एप्रिल १९२६ मध्ये त्याने ‘अमेझिंग स्टोरीज’ हे निव्वळ विज्ञानकथांचे मासिक काढले. पहिल्या अंकात व्हर्न, वेल्स आणि एडगर अ‍ॅलन पो यांच्या जुन्या कथा पुन्हा छापल्या. एका अर्थी ती पहिली यादीच म्हणायची: आमचे पूर्वज हे तिघे! त्याने आणखी एक गोष्ट केली. वाचकांची पत्रे तो त्यांच्या पत्त्यांसकट छापी. त्यावरून वाचकांनी एकमेकांना पत्रे लिहिली, मंडळे काढली, भांडणे केली. हे नादिष्ट वाचक म्हणजे बहुतेक शाळा-कॉलेजातली पोरे. १९३९ साली त्यांनी न्यूयॉर्कला आपले पहिले जागतिक संमेलन भरवले. १९५३ पासून गर्न्सबॅकच्याच नावाने ‘ह्यूगो’ पारितोषिके द्यायला सुरुवात केली. १९६६ साली संमेलनाने आजवरची सर्वोत्तम कथामाला कोणती यावर मते घेतली. टॉल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ला मागे टाकून आयझॅक अ‍ॅसिमॉव्ह यांची ‘फाउंडेशन’ माला पहिली आली. माझ्या कागदावर ‘फाउंडेशन’ पहिल्या क्रमांकावर होते, ते का, याचे मूळ मला इथे सापडले. मी मत दिले नव्हते. १९६६ साली दुसऱ्यांनी दिलेले मत मी नुसते उतरवून घेतले होते.

याच सुमारास अमेरिकेतल्या विज्ञानकथालेखकांच्या संघटनेने आपल्या सभासदांची मते घेतली: १९६४ अखेरपर्यंतच्या उत्तम कथा कोणत्या? त्यातून रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी संपादित केलेला ग्रंथ १९७० साली निघाला. कथा २६. सर्वांत जास्त मते अ‍ॅसिमॉव्ह यांच्या १९४१ सालच्या ‘नाइटफॉल’ला. ज्या जगाला सहा सूर्य आहेत आणि जिथे दोन हजार वर्षांतून एकदाच रात्र होते, तिथली माणसे तारे पाहून वेडी होतात, अशी ती विलक्षण कथा. ग्रंथ उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण नववीतल्या त्या मुलीच्या नजरेने मी अनुक्रमणिका पाहिली. बायका किती? एक ज्यूडिथ मेरिल. आणि दुसऱ्या कॅथरीन मूर, त्याही नवऱ्याबरोबर घेतलेल्या एका टोपणनावाच्या आड, आणि ते नाव पुरुषाचे! या मूरबाई एरवी ‘सी. एल. मूर’ अशी आद्याक्षरे लावीत. हेन्री कुट्नर या लेखकाने त्यांची कथा वाचून मोठ्या आदराने पत्र पाठवले, ते ‘श्रीयुत मूर’ यांना. पुढे दोघांचे लग्न झाले, म्हणून ही चूक गोड ठरली. पण सगळ्याच चुका काही लग्नाने मिटत नाहीत.

उदाहरण सांगतो. १९६८ पासून जेम्स टिप्ट्री ज्युनिअर या नावाने कथा येऊ लागल्या आणि वाचक थक्क झाले. लेखक कोणाला भेटत नसे. व्यवहार सगळा टपालाने. ही बाई तर नव्हे, अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हा याच सिल्व्हरबर्ग यांनी १९७५ साली एका प्रस्तावनेत लिहिले, की छे, ही कल्पनाच हास्यास्पद. या लेखनात अस्सल पुरुषीपणा आहे. दोन वर्षांच्या आत उलगडा झाला. टिप्ट्री म्हणजे अ‍ॅलिस शेल्डन. वय साठीच्या घरात, मानसशास्त्राच्या डॉक्टरेट. ‘टिप्ट्री’ हे आडनाव त्यांनी मार्मालेडच्या बरणीवरून उचलले होते! सिल्व्हरबर्ग यांनी आपली चूक मोकळेपणाने कबूल केली, हे त्यांच्या मोठेपणाला शोभले. पण या प्रकरणाने यादी करणाऱ्या सगळ्यांचीच परीक्षा घेतली. कथा चांगली म्हणून लेखक पुरुष, असा हिशेब चालला होता. आणि मनात असा हिशेब असला की बाईच्या नावाची कथा वाचण्याआधीच एक पायरी खाली उतरते.

आता आपल्याकडे या. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा पहिली आली. लेखक कोणी नारायण विनायक जगताप. या नावाची आद्याक्षरे ना. वि. ज. उलटी वाचा: ज. वि. ना. म्हणजे जयंत विष्णू नारळीकर! केंब्रिजहून परत आलेले, देशभर नाव झालेले शास्त्रज्ञ. आपल्या नावाकडे पाहून परीक्षकांनी गुण देऊ नयेत म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली. शेल्डनबाईंना आपले बाईपण झाकावे लागले, नारळीकरांनी आपला मोठेपणा झाकला. कारणे उलटसुलट, पण दोघांनी मागितले तेच: आधी कथा वाचा, नाव मागाहून. नारळीकरांना त्याचा लाभही झाला. ते पारितोषिक शास्त्रज्ञाला मिळाले नाही, कथेला मिळाले, हे कोणालाही नाकारता येईना. पुढे १९७९ साली ‘यक्षांची देणगी’ हा त्यांचा कथासंग्रह आला. आणि २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. मे २०२५ मध्ये ते गेले. विज्ञानकथा म्हणजे साहित्याच्या ओटीवरची पाहुणी, हा समज तोवर पुष्कळ विरला होता.

याद्यांवर नाव कोरण्याचा मोह मात्र सहज सुटत नाही. जॉन कॅम्पबेल यांनी १९३७ पासून १९७१ पर्यंत अमेरिकेतले एक मोठे मासिक चालवले. अ‍ॅसिमॉव्हसारखे लेखक घडवले. त्यांच्या नावाने १९७३ पासून नव्या लेखकाला पारितोषिक देत. २०१९ साली ते जिनेट एंग या लेखिकेला मिळाले, आणि व्यासपीठावरूनच त्यांनी कॅम्पबेल यांच्या वंशश्रेष्ठत्वाच्या विचारांवर कडक टीका केली. त्याच महिन्यात पारितोषिकाचे नाव बदलले. मासिकाच्या नावावरून ते ‘अस्टाउंडिंग’ झाले. काहींना हे रुचले नाही. कॅम्पबेल यांचे उपकार विसरता काय, असे ते म्हणाले. माझ्या मते उपकार इतिहासात लिहावेत, दोषही इतिहासात लिहावेत. पारितोषिकाच्या फळीवर मात्र जिवंत वाद चालू राहिला तर बिघडत नाही.

इथे कोणी विचारील, की मग यादी करूच नये काय? असे मी म्हणणार नाही. ज्या शाळेला दहाच पुस्तके परवडतात, तिला निवड करावीच लागते. मुंबई-पुण्याच्या वाचकाचे एक पुस्तक फसले तर तो दुसरे आणील. खेड्यातल्या मुलाचे पहिलेच पुस्तक फसले, तर तो पुस्तकालाच रामराम ठोकतो. म्हणून तर यादी उतरवून घेणे हे पाप आहे. फ्रँक हर्बर्ट यांची ‘ड्यून’ ही कादंबरी वीसहून अधिक प्रकाशकांनी परत केली होती. शेवटी १९६५ साली ती छापली ती मोटारदुरुस्तीची पुस्तके काढणाऱ्या एका कंपनीने. आज ती प्रत्येक यादीत आहे. जाणत्यांचे वीस नकार चुकू शकतात, तर माझी चहाच्या आधणाची यादी कोण लागून गेली!

मी त्या शिक्षकाला परत फोन केला. म्हटले, “त्या मुलीला सांग, सरांनी यादी दुसऱ्यांची उतरवली होती. आता नवी करतो.” माझ्या जुन्या कागदावर दहाच्या दहा नावे पुरुषांची होती, हेही मी त्याला सांगितले. न वाचलेली दोन पुस्तके मी आधी काढली. नव्या कागदावर मेरी शेली आल्या. नेमो राहिला, पण न छाटलेल्या भाषांतरात. वेल्सची मंगळावरची स्वारी राहिली. ‘फाउंडेशन’ मी पुन्हा वाचले आणि ठेवले. पहिल्या क्रमांकावरून मात्र उतरवले. नारळीकरांचे ‘यक्षांची देणगी’ आले. उर्सुला ले ग्विन यांची १९६९ सालची, जिथली माणसे कायमची बाई किंवा पुरुष नसतात अशा थंड ग्रहाची कादंबरी, मोठ्या मुलांसाठी घेतली. रे ब्रॅडबरी यांची १९५३ सालची, पुस्तके जाळणाऱ्या राज्याची कथा घेतली. आणि रुकय्या सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’. ही १९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात आली. तिच्यात बायका राज्य चालवतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात आणि त्याच उष्णतेने शत्रूला पळवून लावतात. पुरुष पडद्यात! एका बंगाली मुसलमान बाईने शंभर वर्षांपूर्वी लिहिलेली ही छोटी गोष्ट मला चाळिशीपर्यंत कोणत्याच यादीने सांगितली नव्हती. यातली जी मराठीत मिळणार नाहीत, ती शिक्षकांनी वाचून तासाला सांगावीत. गोष्ट ऐकूनही वाचक तयार होतो.

ही झाली आठ. दोन जागा मी मुद्दाम रिकाम्या ठेवल्या आहेत. त्या मुलांनी भरायच्या. त्यासाठी एक साधी युक्ती सुचवली. जून महिन्यात आपण वह्यांना कव्हर घालतो ना, तसे या पुस्तकांनाही वर्तमानपत्राचे कव्हर घालावे. लेखकाचे नाव दिसता कामा नये. मुलाने पहिली वीस पाने वाचावीत आणि मग सांगावे, पुढे वाचणार की नाही, आणि का. शेवटी कव्हर काढावे. काही चेहरे त्या वेळी पाहण्यासारखे होतील.

वर्षाअखेरीस मुलांनी वर्गात भांडावे, मते द्यावीत, आणि यादीखाली तारीख घालून, यादी करणाऱ्यांची नावे लिहून ती भिंतीवर लावावी. पुढच्या वर्षीच्या नववीला ती खोडायचा हक्क राहीलच. त्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाला माझ्याजवळ एवढेच उत्तर आहे. आणि ते मी तिच्या शाळेला कळवले आहे.